‘रझिया बेगम’ची किंमत : धीरेन गांगुली यांचे हैदराबादपर्व

पावसाळ्यातल्या रविवारी गोव्यातील कित्येक घरांत दुपारचे जेवण आटोपले की मंडळी पडद्यासमोर स्थिरावतात. बाहेर कौलांवर पाऊस वाजत असतो आणि आत एखादा ऐतिहासिक चित्रपट सुरू होतो. संगमरवरी महाल, झुंबरे, जरीची वस्त्रे, घोड्यांच्या टापा, पडद्याआडून होणारी नजरानजर आणि अखेरीस एखाद्या राणीचा करुण अंत असे सारे त्यात असते. आजच्या चिंतांपासून दोन-तीन तास दूर नेणारा हा विरंगुळा सर्वांना प्रिय आहे. त्यातील दुःखही सोसवते, कारण ते केव्हाच संपलेले असते. राजा गेला, राज्य गेले, उरली फक्त कथा, अशा निश्चिंतीने प्रेक्षक तो काळ पाहतो.

ही निश्चिंती मात्र प्रत्येक पिढीच्या वाट्याला आलेली नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी, १९२४ साली, हैदराबाद शहरात अशाच एका ऐतिहासिक चित्रपटाचा खेळ लावल्याबद्दल एका कलावंताला आपला स्टुडिओ, आपली दोन चित्रगृहे आणि ते शहर यांवर पाणी सोडावे लागले. तो चित्रपट त्याने निर्माणही केला नव्हता. मुंबईत तयार झालेला चित्रपट त्याने केवळ आपल्या पडद्यावर दाखवला होता. ‘रझिया बेगम’ हे त्या चित्रपटाचे नाव आणि धीरेंद्रनाथ गांगुली हे त्या कलावंताचे. भारतीय चित्रसृष्टी त्यांना पुढे धीरेन गांगुली किंवा नुसते डीजी म्हणून ओळखू लागली.

गांगुली यांचा जन्म २६ मार्च १८९३ रोजी कलकत्त्यात झाला. त्यांचे शिक्षण रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात झाले आणि पुढे कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. त्या काळी चित्रकलेचा रस्ता अनेकांना चित्रपटाकडे घेऊन गेला. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या तर नावातच त्यांचा मूळ व्यवसाय उमटला होता. रंग, रेषा आणि छायाप्रकाश यांची जाण असलेल्या माणसाला हलत्या चित्रांचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होते. गांगुली याच परंपरेतले. फरक एवढाच की त्यांना कॅनव्हासापेक्षा स्वतःचा चेहरा अधिक प्रिय होता.

चेहरा बदलण्याची कला त्यांनी साधनेसारखी जोपासली. रंगभूषा, केशभूषा, वस्त्रे आणि मुद्राभिनय यांच्या बळावर ते म्हातारा, तरुण, साधू, बाबू, पुरुष, स्त्री अशी नाना रूपे घेत आणि त्या रूपांची छायाचित्रे काढत. १९१५ साली त्यांनी या छायाचित्रांचे ‘भावेर अभिव्यक्ति’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. एकच माणूस पानोपानी निरनिराळ्या मनुष्यांच्या रूपाने भेटतो, हे पाहून वाचक चकित झाले. आज कुणाच्याही खिशातील फोनमध्ये असला खेळ मावतो. त्या वेळी मात्र प्रत्येक छायाचित्रामागे तासांची मेहनत होती. या पुस्तकाच्या प्रती गांगुली यांनी कलकत्त्याचे चित्रपटसम्राट जमशेदजी फ्रामजी मदन यांच्याकडे पाठवल्या आणि तिथून त्यांचे पाऊल चित्रपटाच्या दिशेने पडले.

याच सुमारास ते हैदराबादेत नोकरी करीत होते. निजामाच्या कलाविद्यालयात त्यांच्याकडे मुख्याध्यापकपद होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले होते. त्यांचे राज्य क्षेत्राने विशाल होते आणि त्यात तेलुगू, कानडी व मराठी असे तीन भाषांचे प्रदेश नांदत होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे याच राज्यात होते. राज्यकर्ते मुसलमान होते आणि प्रजा बहुसंख्य हिंदू. राज्यकारभाराची भाषा उर्दू असली तरी हैदराबाद शहरात मराठी माणसांची मोठी वस्ती होती, त्यांच्या शाळा आणि ग्रंथालये होती. ‘विवेकवर्धिनी’सारखी संस्था विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तिथे उभी राहिली होती. त्यामुळे हैदराबादच्या चित्रगृहात घडलेली गोष्ट ही मराठी प्रजेच्या राज्यकर्त्याचीही गोष्ट आहे.

नोकरी सोडून गांगुली कलकत्त्याला परतले. मदन यांच्या कंपनीत व्यवस्थापक असलेले नीतीश लाहिरी यांच्या साथीने त्यांनी १९१८च्या सुमारास इंडो-ब्रिटिश फिल्म कंपनी काढली. बंगाली मालकीची ही पहिली चित्रपटनिर्मिती संस्था मानली जाते. १९२१ साली पडद्यावर आलेला ‘बिलात फेरत’ हा तिचा गाजलेला मूकपट. विलायतेहून परतलेला एक तरुण आपल्या नव्या रीतिभातींनी घरच्यांना कसा बुचकळ्यात टाकतो, याची ही विनोदी कथा होती. तिचे लेखन गांगुली यांचे, प्रमुख भूमिकाही त्यांचीच. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून भारतीय पडद्यावर देवदेवता आणि पुराणकथा यांचे राज्य होते. समकालीन माणसाच्या वागण्यातील विसंगती दाखवून हसवणारा हा चित्रपट त्या काळात वेगळा ठरला आणि प्रेक्षकांनी तो उचलून धरला.

एवढे यश मिळूनही ती कंपनी फार काळ टिकली नाही. मदन यांच्या चित्रगृहांच्या साखळीपुढे लहान निर्मात्याचा टिकाव लागणे कठीण होते. चित्रपट काढणे एक आणि तो दाखवायला पडदा मिळवणे दुसरे, हा धडा गांगुली यांना तिथेच मिळाला असावा. कारण पुढच्या टप्प्यावर त्यांनी निर्मितीइतकेच लक्ष चित्रगृहांकडे दिले. त्यासाठी त्यांनी ओळखीच्या शहराकडे, हैदराबादकडे, पुन्हा धाव घेतली.

१९२२ साली हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी स्थापन झाली. निजामाचा आश्रय लाभला. स्टुडिओ उभा राहिला आणि कंपनीची स्वतःची दोन चित्रगृहे झाली. चित्रपट काढायचा, तो इथेच धुऊन तयार करायचा आणि आपल्याच पडद्यावर लावायचा, अशी पूर्ण साखळी एका माणसाच्या हाती आली. त्या वेळी हिंदुस्थानात असा योग फार थोड्यांच्या नशिबी होता. ‘इंद्रजित’, ‘हरगौरी’ यांसारखी पौराणिक चित्रे आणि ‘लेडी टीचर’, ‘मॅरेज टॉनिक’ यांसारखी विनोदी चित्रे लोटसने एकामागून एक काढली. पुराणकथा घरच्या मोठ्यांसाठी आणि विनोद तरुणांसाठी, अशी ही जोड असावी.

तेव्हाचा चित्रपट पाहणे हा आजच्यासारखा घरगुती विरंगुळा नव्हता. तो गावाचा उत्सव होता. पडदा मुका असे, पण सभागृह मुके नसे. पडद्याजवळ पेटी-तबला वाजत असे, प्रसंगांच्या मध्ये अक्षरांच्या पाट्या येत, वाचता येणारा न येणाऱ्याला त्या मोठ्याने वाचून दाखवी. एकाच बाकावर निरनिराळ्या भाषांचे आणि धर्मांचे लोक बसत. घरात बसून एकट्याने पाहिलेल्या चित्राचा परिणाम त्या घरापुरता राहतो. शेकडो माणसांनी एकत्र पाहिलेल्या चित्राची चर्चा दुसऱ्या दिवशी बाजारात होते. राज्यकर्त्यांचे लक्ष या गोष्टीकडे लागलेले असे.

ऐतिहासिक चित्रपटांची लाट याच वर्षांत उसळत होती. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने हरी नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा चित्रपट १९२३ साली काढला आणि तानाजीच्या पराक्रमाने मराठी मुलूख भारावून गेला. प्रेक्षकांना आपल्याच भूमीतील राजे, सरदार आणि लढाया पडद्यावर दिसू लागल्या होत्या. देवदेवतांच्या कथांपेक्षा ही चित्रे माणसांच्या अधिक जवळची होती. पण त्यांत एक जोखीम होती. पुराणातल्या राजाचे वंशज गादीवर बसलेले नसतात. इतिहासातल्या राजाच्या धर्माशी, घराण्याशी वा अभिमानाशी नाते सांगणारी माणसे मात्र समोर असतात.

‘रझिया बेगम’ हा या लाटेतलाच चित्रपट. खरी रझिया दिल्लीच्या तख्तावर १२३६ ते १२४० या काळात होती. सुलतान इल्तुतमिशची ही कन्या दिल्लीवर राज्य करणारी पहिली स्त्री. ती पुरुषी पोशाखात, चेहरा न झाकता दरबारात बसे. याकूत नावाच्या हबशी सेवकाला तिने शाही अश्वशाळेचा प्रमुख नेमले. तुर्की सरदारांना ही बढती खपली नाही आणि त्यांनी बंड केले. याकूत मारला गेला. रझियाला कैद करणाऱ्या अल्तुनियाशीच तिने पुढे विवाह केला आणि गेलेले तख्त परत मिळवण्याच्या प्रयत्नात दोघेही मारली गेली. सत्ता, स्त्री आणि प्रेम या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली ही कथा नाट्यमय चित्रपटासाठी जणू बांधूनच ठेवलेली होती.

मुंबईच्या चित्रपटाने त्या कथेला आपले वळण दिले. त्यात मुसलमान राजकन्येचे एका हिंदू प्रजाजनावर प्रेम जडते, असे दाखवले होते. इतिहासाच्या ग्रंथांत या प्रेमाला आधार नाही. परंतु ऐतिहासिक चित्रपट इतिहासाशी असे स्वातंत्र्य नेहमीच घेत आले आहेत आणि प्रेक्षकही ते गोड मानून घेत आले आहेत. गांगुली यांनी हा चित्रपट वितरणासाठी घेतला आणि हैदराबादेतील आपल्या चित्रगृहात लावला.

हे चित्र हैदराबादेत किती नाजूक जागी बोट ठेवणारे होते, हे त्या वर्षांच्या राजकारणावरून लक्षात येते. निजामांनी १९२३ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्याकडे वऱ्हाड परत मागितला होता आणि आपण इंग्रजांचे मांडलिक नसून बरोबरीचे मित्र आहोत, अशी भूमिका घेतली होती. १९२४च्या मार्चमध्ये तुर्कस्तानात खिलाफत संपुष्टात आली आणि हिंदुस्थानातील मुसलमान समाज हादरून गेला. आपल्या राज्याचे सार्वभौमत्व आणि धर्माची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी निजामाच्या दरबारात त्या वेळी कमालीच्या हळव्या झाल्या होत्या. अशा वेळी मुसलमान राज्यकर्ते आणि हिंदू प्रजा असलेल्या राजधानीत, मुसलमान राणी आणि हिंदू प्रजाजन यांच्या प्रेमाचे चित्र पडद्यावर आले. कथा सातशे वर्षांपूर्वीच्या दिल्लीची होती, पण पाहणाऱ्यांना ती हैदराबादची वाटू शकत होती.

निजाम संतापले. गांगुली यांना तत्काळ राज्य सोडून जाण्याचा हुकूम झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१८च्या कायद्यानुसार मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे चित्रपट तपासणाऱ्या समित्या होत्या. त्यांच्या अटी जाचक असल्या तरी त्यांना नियम होते, त्यांच्यापुढे बाजू मांडता येत होती. संस्थानात तो कायदा चालत नव्हता. तिथे राजाची मर्जी हाच नियम होता. अमुक दृश्य गाळावे, अमुक पाटी बदलावी अशी वाटाघाट तिथे झाली नाही. लोटस फिल्म कंपनीचा हैदराबादेतील कारभार संपला, स्टुडिओ आणि चित्रगृहे मागे राहिली आणि त्यांचा मालक कलकत्त्याच्या वाटेला लागला.

या घटनेत निजामाला निव्वळ खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. ज्या राजाने गांगुली यांना घालवले, त्यानेच त्यांना आश्रयही दिला होता. त्याच राजाच्या अमलात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. मराठवाड्यातील अजिंठ्याच्या चित्रांची पडझड थांबवण्यासाठी त्याच्याच सरकारने १९२० साली इटलीहून तज्ज्ञ बोलावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेलाही पुढे त्याने देणगी दिली. अजिंठ्याच्या भिंतींवरील राजे, राण्या आणि त्यांच्या सुखदुःखांच्या कथा ज्या खजिन्यातून जतन झाल्या, त्याच खजिन्याच्या धन्याला दिल्लीच्या एका राणीची पडद्यावरील कथा सहन झाली नाही. भिंतीवरचे चित्र पाहायला माणसे एकेकटी जात होती; पडद्यावरचे चित्र पाहायला शहर लोटत होते. हाच काय तो फरक असेल.

गांगुली यांच्या आयुष्यातून राजाश्रयाचा अर्थ मात्र स्पष्ट होतो. आश्रय देताना कागदाची, कराराची गरज पडली नाही आणि तो काढून घेतानाही पडली नाही. कलावंताचे कसब, त्याची दोन वर्षांची मेहनत, त्याच्यावर अवलंबून असलेल्या कामगारांची पोटे यांतले काहीही त्या मर्जीच्या तराजूत तोलले गेले नाही. निजामाच्या प्रजेला पुढील काळात याचा अनुभव अधिक कठोरपणे आला. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे सभा भरवण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या फर्मानाचे नाव पुनःपुन्हा येते. एका चित्रपटगृहावर जे घडले ते अपवाद नव्हते. त्या राज्याच्या रीतीचे ते एक दर्शन होते.

गोव्यातील वाचकाला ही रीत परकी वाटू नये. पोर्तुगालमध्ये १९२६ साली लष्करी सत्ता आली आणि पुढे सालाझारची हुकूमशाही स्थिर झाली. तेव्हापासून मुक्तीपर्यंत गोव्यातील छापील मजकुराला सरकारी तपासनीसाच्या लाल पेन्सिलीखालून जावे लागे. राजा मुसलमान असो वा हुकूमशहा ख्रिस्ती, माणसांनी एकत्र बसून काय पाहावे आणि काय वाचावे हे वरूनच ठरवले जाई. हैदराबाद सप्टेंबर १९४८मध्ये मुक्त झाले, गोवा डिसेंबर १९६१मध्ये. देशाच्या स्वातंत्र्यानंतरही ज्या प्रदेशांना वाट पाहावी लागली, त्यांत ही दोन्ही नावे आहेत.

हैदराबादहून परतलेले गांगुली खचले असते तर नवल नव्हते. वय तिशीच्या थोडे पुढे, जवळची कंपनी गेलेली आणि बंगालमध्ये मदन यांचे वर्चस्व पूर्वीइतकेच प्रबळ. काही वर्षे चाचपडत गेली. १९२९ साली त्यांनी ब्रिटिश डोमिनियन फिल्म्स ही नवी संस्था उभी केली. ती उभारताना त्यांनी राजाश्रयाऐवजी माणसे जमवली. वर्धमान येथे काँग्रेसचे साप्ताहिक चालवणारे देबकी बोस त्यांना भेटले आणि गांगुली यांनी त्यांना चित्रपटात आणले. १९३० साली आलेल्या ‘फ्लेम्स ऑफ फ्लेश’ या चित्रपटाची कथा देबकी बोस यांची आणि नायकही तेच. आसामातील गौरीपूरच्या राजघराण्यातले प्रमथेश बरुआ याच संस्थेच्या दारातून चित्रसृष्टीत शिरले. पुढे देबकी बोस यांनी भक्तिपटांत आणि बरुआ यांनी ‘देवदास’मध्ये जी उंची गाठली, तिचा पाया या छोट्या संस्थेत होता.

इथेही दैव आडवे आले. चित्रपट बोलू लागला आणि मूकपटांची यंत्रे, पद्धती, कंपन्या बघता बघता कालबाह्य झाल्या. ब्रिटिश डोमिनियन फिल्म्सही त्या लाटेत बुडाली. एका माणसाच्या तीन संस्था तीन वेगवेगळ्या कारणांनी मोडल्या : पहिली बाजाराच्या स्पर्धेत, दुसरी राजाच्या रागामुळे, तिसरी तंत्राच्या बदलाने. पहिल्या आणि तिसऱ्या आपत्तीला धंद्याचा धर्म म्हणून सोसता येते. दुसरीत मात्र माणसाच्या हाती काहीच नव्हते.

गांगुली यांनी तरीही चित्रपट सोडला नाही. मालकी गेली तेव्हा त्यांनी इतरांच्या कंपन्यांत दिग्दर्शक आणि नट म्हणून काम स्वीकारले. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी १९३४ साली त्यांनी ‘एक्स्क्यूज मी सर’ हा विनोदी चित्रपट केला. ‘बिद्रोही’, ‘दाबी’ असे बोलपट त्यांच्या नावावर जमा झाले. १९४९ सालचा ‘कार्टून’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला अखेरचा चित्रपट. बंगाली चित्रपटातील विनोदाचा आरंभ त्यांच्यापासून मानला जातो. हद्दपारीचे कडू घोट गिळलेल्या माणसाने कटुतेचे चित्रपट काढले नाहीत. त्याने लोकांना हसवण्याचा मार्ग सोडला नाही. तरुणपणी आरशासमोर बसून शंभर चेहरे धारण करणाऱ्या या कलावंताला माणसाच्या चेहऱ्यामागचा विक्षिप्तपणा चांगला ठाऊक होता. राजाचा काय आणि बाबूचा काय.

स्वतंत्र भारताने त्यांची आठवण ठेवली. १९७४ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले आणि १९७५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. ज्या निजामाने त्यांना घालवले, त्याचे राज्य तीस वर्षांपूर्वी विलीन झाले होते आणि तो स्वतः १९६७ साली निवर्तला होता.

रझियाची कथा मात्र थांबली नाही. गांगुली हैदराबाद सोडून गेले तेव्हा त्याच संस्थानात पैडी जयराज नावाचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शिकत होता. करीमनगरला जन्मलेला आणि निजाम कॉलेजात शिकलेला हा तरुण १९२९च्या सुमारास मुंबईला आला आणि ऐतिहासिक चित्रपटांचा नायक झाला. पृथ्वीराज चौहान, अमरसिंह राठोड, टिपू सुलतान अशा भूमिका त्याने केल्या. १९६१ साली देवेंद्र गोयल यांचा ‘रझिया सुलताना’ प्रदर्शित झाला. त्यात निरुपा रॉय यांच्यासोबत प्रमुख भूमिकेत होते हेच जयराज. रझियाच्या चित्रामुळे एका कलावंताला जिथून जावे लागले, त्या भूमीचा पुत्र सदतीस वर्षांनी रझियाच्याच चित्रात नायक म्हणून उभा राहिला आणि कोणी कोणाला हद्दपार केले नाही. पुढे १९८३ साली कमाल अमरोही यांनी हेमा मालिनी यांना घेऊन ‘रझिया सुलतान’ काढला. मंगेशीशी नाते सांगणाऱ्या लता मंगेशकर यांनी त्यासाठी खय्याम यांच्या संगीतात गायिलेले गाणे आजही घरोघरी ऐकले जाते.

हैदराबादच्या मातीतूनच आलेल्या श्याम बेनेगल यांनी १९८५ साली गोव्याच्या इतिहासावर ‘त्रिकाल’ हा चित्रपट केला. पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या दिवसांतील एका सधन गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबाची ही कथा लोटलीच्या मारियो मिरांडा यांच्या वाड्यात चित्रित झाली. गोव्यातील प्रेक्षकांसाठी तो आपल्याच आजी-आजोबांचा काळ होता. त्या कथेत पोर्तुगीज सत्तेविषयीची ओढ होती, तिच्याविरुद्धचा राग होता, कुटुंबाची गुपिते होती. घडलेल्या घटनांना जेमतेम चोवीस वर्षे झाली होती आणि त्या काळाचे साक्षीदार समोर होते. तरीही तो चित्रपट तयार झाला, दाखवला गेला आणि आजही घरी बसून पाहता येतो. गांगुली, जयराज आणि बेनेगल या तिघांनाही फाळके पुरस्कार मिळाला, हा हैदराबादच्या नात्याचा एक सुखद धागा म्हणता येईल.

त्या शहरापुरते बोलायचे तर लोटस गेल्यावर मोठी पोकळी राहिली. सारथी स्टुडिओ हैदराबादेत उभा राहिला तो १९५०च्या दशकात. मद्रासेतील तेलुगू चित्रसृष्टी हळूहळू तिथे स्थलांतरित झाली, १९७६मध्ये अन्नपूर्णा स्टुडिओ आणि १९९६मध्ये रामोजी फिल्म सिटी आली. ‘बाहुबली’चे भव्य राजवाडे आणि रणांगणे याच परिसरात उभारली गेली. गांगुली यांचा स्टुडिओ १९२४ नंतरही चालू राहिला असता तर हे शहर चित्रपटांचे केंद्र तीस वर्षे आधी झाले असते की नाही, हे ठामपणे सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे की कॅमेरा चालवणारे, चित्रपट धुणारे, देखावे रंगवणारे कसबी हात तिथे घडू लागले होते आणि ते काम मध्येच थांबले.

ऐतिहासिक चित्रपटांचे वाद आजही संपलेले नाहीत. २०१८ साली ‘पद्मावत’ पडद्यावर येण्याआधी त्याचे शीर्षक बदलावे लागले, काही राज्यांनी बंदी घातली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे त्या बंदीला स्थगिती मिळाली. रोष तेव्हाही होता आणि धमक्याही होत्या. परंतु निर्मात्याला दाद मागण्यासाठी एक दार उघडे होते. १९२४ साली हैदराबादेत असे दार कुठेच नव्हते. ज्याच्याविरुद्ध दाद मागायची तोच न्यायाधीश होता.

इतिहासाची कथा निवांत मनाने पाहता येणे ही गोष्ट घराच्या चार भिंतींनी मिळत नाही. त्या भिंतींबाहेर कायद्याचे राज्य आहे, राणीच्या प्रेमकथेवर कोणाचे सिंहासन डळमळत नाही आणि चित्र दाखवणाऱ्याला रातोरात शहर सोडावे लागत नाही, या विश्वासावर तो निवांतपणा उभा असतो. बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले. लोटस फिल्म कंपनीची चित्रे आज पाहायला मिळत नाहीत. पण रुपेरी पडद्यावरच्या भूतकाळात रमण्याचे सुख ज्यांना विनासायास मिळते, त्यांच्यासाठी धीरेन गांगुली यांनी मोजलेली किंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.